रंग दिसला, तरी पीळ होता

पत्र : मी तालुक्याच्या गावी दीड वर्षापूर्वी सोनोग्राफी सेंटर सुरू केलं. गेल्या महिन्यात रात्री साडेआठला १५ वर्षांचा एक मुलगा आला. दुपारी साडेतीनपासून डाव्या बाजूला दुखत होतं, दोनदा उलटी झाली होती. ताप नव्हता, लघवीची तक्रार नव्हती. डावं वृषण सुजलेलं आणि जरा वर चढलेलं होतं, एपिडिडिमिस (वृषणामागची शुक्रनलिकेची गुंडाळी) मोठा दिसत होता आणि कलर डॉप्लरवर, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, वृषणात रक्तप्रवाह दिसला. मी एपिडिडिमो-ऑर्कायटिसचा, म्हणजे एपिडिडिमिस आणि वृषणाला संसर्गाने सूज आल्याचा, रिपोर्ट दिला. अँटिबायोटिक सुरू झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी सर्जननी उघडून पाहिलं तेव्हा कॉर्डला (वृषण ज्या रक्तवाहिन्यांच्या दोरीवर लटकतं तिला) पीळ होता, वृषण काळं पडलं होतं आणि ते काढावं लागलं. प्रवाह मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. माझं नेमकं काय चुकलं?

उत्तर :

डॉक्टर, तुम्ही पाहिलेला प्रवाह खराच असणार. मशीनही बिघडलेलं नसावं. डॉप्लर सांगतो ते एवढंच, की या घडीला इथे रक्त वाहतंय. त्या मुलाबाबत विचारायला हवं होतं ते वेगळं : कॉर्डला पीळ आहे का? त्याचं उत्तर वृषणात मिळत नाही, वृषणाच्या वर, कॉर्डमध्ये मिळतं.

पीळ बसतो तेव्हा आधी शिरा दबतात, कारण त्यांच्या भिंती पातळ आणि आतला दाब कमी. धमनी बराच वेळ तग धरते. पीळ एका पूर्ण वेढ्यापेक्षा कमी असेल, किंवा पूर्ण असूनही सैल असेल, तर वृषणात रंग दिसत राहतो, आणि आत साचलेल्या रक्ताने ते सुजत जातं. दुसरी शक्यता अशी की तुमच्या टेबलावर येण्याआधी पीळ काही काळ सुटला होता. मग अडलेलं रक्त एकदम आत येतं आणि प्रवाह उलट वाढलेला दिसतो, अगदी ऑर्कायटिससारखा. रात्री पीळ पुन्हा बसतो. दोन्ही वेळा रंग असतोच.

ही चूक तुमच्या एकट्याची नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात अशी दुखणी घेऊन आलेली ९१९ मुलं होती. त्यातल्या २०८ जणांना पीळ होता, आणि त्या २०८ पैकी ५० जणांच्या वृषणात कलर डॉप्लरवर प्रवाह नेहमीसारखा किंवा वाढलेला दिसला. जवळजवळ चौघांत एक. सोनोग्राफीतच कॉर्ड थेट पाहिली तेव्हा मात्र २०८ पैकी १९९ जणांत पीळ सापडला. म्हणून आमचं पहिलं सांगणं : कॉर्ड पाहिल्याशिवाय ही सोनोग्राफी पूर्ण झाली असं समजू नका.

आता तपासणी मुळापासून.

मुलगा लाजलेला असतो, दुखण्याने वैतागलेला असतो. दार लावून घ्या, वडील किंवा आई आत असू द्या आणि काय करणार ते त्याला दोन वाक्यांत सांगा. उताणा झोपवा, पाय जवळ. टॉवेलची गुंडाळी करून मांड्यांवर, अंडकोषाखाली सारा, म्हणजे दोन्ही बाजू एका पातळीत वर येतात. शिश्न पोटाकडे वळवून दुसऱ्या टॉवेलने झाका. जेल कोमट हवं आणि भरपूर हवं. गार जेलने कातडी आक्रसते, वृषण वर ओढलं जातं आणि ते मुळातच वर चढलेलं होतं की आत्ता चढलं, हे मग कळत नाही. प्रोब लिनियर, ७ ते १५ मेगाहर्ट्‌झचा किंवा त्याहून वरचा. सूज खूप असेल किंवा पाणी साचलेलं असेल तर फ्रीक्वेन्सी उतरवा, नाहीतर खोलवरचा प्रवाह सापडणार नाही.

प्रोब आधी न दुखणाऱ्या बाजूवर ठेवा. घाईत हे राहून जातं, आणि डॉप्लरच्या निम्म्या चुका इथेच सुरू होतात असं आमचं मत आहे. निरोगी वृषणातला प्रवाह मंद असतो. मशीन कॅरॉटिडच्या (मानेतल्या धमनीच्या) प्रीसेटवर राहिलं असेल तर स्केल, म्हणजे रंगात दाखवायच्या वेगाची मर्यादा, इतकी वर असते की चांगल्या वृषणातही रंग भरत नाही. स्केल सेकंदाला ३ ते ५ सेंटीमीटरवर आणा, वॉल फिल्टर सगळ्यात खाली, कलर बॉक्स वृषणापुरताच. गेन वाढवत न्या, ठिपक्यांची धूळ दिसू लागली की एक पायरी मागे या. न दुखणाऱ्या बाजूला आत, मधोमध, रंग नीट दिसला की त्या सेटिंगला हात लावू नका. त्याच सेटिंगवर दुसरी बाजू पाहा. मग दोन्ही वृषणं एकाच आडव्या चित्रात घ्या, कलरसह. एका बाजूचा रंग कमी आहे की जास्त, ते या एका चित्रात कळतं, आणि सर्जनलाही तेच आधी दाखवावं.

रंग कुठे आहे हे पाहणंही तितकंच महत्त्वाचं. वृषणाभोवतीच्या आवरणांना क्रिमॅस्टेरिक आणि डेफरेन्शियल धमन्यांकडून रक्त मिळतं. वृषण आतून पूर्ण उपाशी असतानाही भोवती रंगाचं कडं दिसू शकतं, आणि पीळ जुना झाला की ते कडं अधिकच भरतं. मोजायचा तो आतला, मधला प्रवाह. तिथे दिसलेला रंग खरा की मुलाच्या हालचालीचा, हे स्पेक्ट्रल डॉप्लर (प्रवाहाच्या वेगाचा आलेख) ठरवेल : वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातून धमनीची लाट काढा. पॉवर डॉप्लर मंद प्रवाहाला अधिक संवेदनशील आहे, पण मूल जरा हललं की सगळं चित्र रंगतं, म्हणून त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

वृषणातली धमनी कमी रोधाची. मोठ्या मुलात आणि पुरुषात रेझिस्टिव्ह इंडेक्स (हा रोध मोजणारा आकडा) साधारण ०.५ ते ०.७ असतो. अर्धवट पिळात शिरा दबल्यामुळे रक्ताला बाहेर पडायला वाट उरत नाही, आणि ते आधी डायस्टोलच्या, म्हणजे दोन ठोक्यांमधल्या, प्रवाहात उमटतं : तो कमी होतो, मग नाहीसा होतो, शेवटी उलटा वाहतो. इंडेक्स ०.७५ च्या वर गेला आणि दुसऱ्या बाजूला नेहमीचा असेल, तर पडद्यावर कितीही रंग दिसो, पीळ धरून चला. ऑर्कायटिसमध्ये याच्या उलट, इंडेक्स बऱ्याचदा ०.५ च्या खाली उतरतो. तुमच्याकडे त्या रात्रीच्या लाटा साठवलेल्या असतील तर पुन्हा काढून पाहा. फार लहान मुलांत मात्र हे आकडे लावू नका. त्यांच्या निरोगी वृषणातही प्रवाह जेमतेम सापडतो आणि डायस्टोल नसूही शकतो, तिथे दुसऱ्या बाजूशी तुलना हाच आधार.

आता कॉर्ड. प्रोब जांघेत, इंग्वायनल रिंगपाशी (कॉर्ड पोटातून बाहेर येते त्या जागी) आडवा ठेवा. कॉर्डचा गोल छेद सापडला की तो पडद्याच्या मधोमध ठेवून हळूहळू खाली या, एका दमात, वृषणाच्या मागच्या कडेपर्यंत. निरोगी कॉर्ड सरळ उतरते, तिच्यातल्या नळ्या एकमेकींशेजारी राहतात. पीळ असेल तिथे ती अचानक वळते, जाड होते आणि प्रोब खाली सरकत असताना त्या नळ्या एकमेकींभोवती फिरताना दिसतात. आडव्या छेदात चकलीसारखं वेटोळं दिसतं. थांबवलेल्या चित्रात हे हमखास निसटतं, म्हणून फोटो न काढता क्लिप साठवा. जागा बहुतेक वेळा वृषणाच्या लगेच वर, कधी त्याच्या मागे लपलेली. वेटोळ्याच्या खाली सुजलेली कॉर्ड आणि एपिडिडिमिस मिळून एक गोळा तयार होतो.

तुम्ही 'मोठा एपिडिडिमिस' म्हणालात तो बहुधा हाच गोळा असावा. पिळात एपिडिडिमिसही अडकतो, सुजतो आणि काळसर दिसतो. जंतुसंसर्गातही सुजतो, काळसर दिसतो. ग्रे-स्केलवर (रंगाविना, काळ्या-पांढऱ्या चित्रात) दोन्ही सारखे. कलर लावला की फरक कळतो : संसर्गात एपिडिडिमिस रंगाने भरून जातो, पिळात तो बहुधा विझलेला असतो. तुमच्या पत्रात वृषणातल्या प्रवाहाचा उल्लेख आहे, एपिडिडिमिसमधल्या प्रवाहाचा नाही. तिथे कलर लावला होता का?

वेटोळ्यात आणि त्याच्या खाली रंग असेल तर रक्तपुरवठा अजून पूर्ण तुटलेला नाही. ही वेळ असल्याची खूण आहे, धीर धरण्याची नाही. वृषणाचा पोतही पाहून ठेवा. पहिल्या चार-सहा तासांत तो बहुधा दुसऱ्या बाजूसारखाच एकसारखा दिसतो. म्हणजे वृषण वाचण्याची आशा मोठी, पण त्यावरून पीळ नाही असं म्हणता येत नाही. तो काळपट, डागाळलेला, भेगाळलेला दिसू लागला की बरंच नुकसान झालेलं असतं. वृषण आडवं पडलंय का तेही नोंदवा. पिळतं ते बहुतेक वेळा घंटेतल्या लोलकासारखं मोकळं लटकणारं वृषण, आणि ही जन्मजात ठेवण बहुतेकांत दोन्ही बाजूंना असते.

हे सगळं हाताखालून गेलं की दहा मिनिटांत होतं. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर थांबा आणि फोन करा. दुखणं सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर दहातली नऊ वृषणं वाचतात, बारा तासांनी निम्मी आणि चोवीस तासांनंतर फार थोडी. तुमच्याकडे तो मुलगा पाचव्या तासाला आला होता. म्हणून टेबलावर येताच पहिला प्रश्न 'किती वाजता सुरू झालं?' हा, आणि उत्तर रिपोर्टच्या पहिल्या ओळीत. 'सकाळपासून' असं लिहू नका, घड्याळातली वेळ लिहा.

सोनोग्राफीला पाठवायचंच नाही अशी मुलंही असतात, हे तुमच्या भागातल्या डॉक्टरांना तुम्ही सांगून ठेवलेलं बरं. २०१३ साली आलेला ट्विस्ट स्कोअर हातानेच काढता येतो. वृषणाला सूज २ गुण, वृषण कडक लागणं २, मांडीच्या आतल्या बाजूला बोट ओढल्यावर वृषण वर न खेचलं जाणं १, मळमळ किंवा उलटी १, वृषण वर चढलेलं असणं १. पाच किंवा अधिक गुण असतील तर मुलाला उपाशी ठेवून थेट ओटीकडे (ऑपरेशन थिएटरकडे) न्यायचं, सोनोग्राफीसाठी रांगेत बसवायचं नाही. दोन किंवा कमी असतील तर पिळाची शक्यता फार कमी. मधल्या तीन-चार गुणांच्या मुलांसाठीच खरी आपली गरज. त्या मुलाचे सूज, उलटी आणि चढलेलं वृषण मिळून चार गुण तुमच्याच पत्रात आहेत. रिफ्लेक्स (मांडीवर बोट ओढल्यावर वृषण वर खेचलं जाणं) आणि कडकपणा कोणी पाहिला होता का, ते पत्रात नाही. रिफ्लेक्स नसता किंवा वृषण कडक लागलं असतं, तरी तो मुलगा तुमच्या टेबलाऐवजी सर्जनच्या टेबलावर असायला हवा होता. तेव्हा प्रोब ठेवण्याआधी मांडीवर बोट ओढून पाहा, पाच सेकंद लागतात. अगदी तान्ह्या मुलांत हा रिफ्लेक्स नसला तरी त्याला अर्थ नाही.

आणखी एक सवय लावून घ्या. या वयातली मुलं वृषण दुखतंय असं सांगत नाहीत, 'ओटीपोटात दुखतंय' म्हणतात, आणि पोटाच्या सोनोग्राफीची चिठ्ठी घेऊन येतात. अपेंडिक्स शोधून सापडलं नाही, तर पँट उतरवायला सांगून दोन्ही बाजू पाहाच. अंडकोष एका बाजूला रिकामा असेल आणि जांघेत दुखरी गाठ असेल, तर न उतरलेल्या वृषणाला पीळ बसलेला असू शकतो. तिला अंतर्गळ म्हणून दाबत बसू नये.

दुसरी दुखणी थोडक्यात, कारण त्यांच्यात तासांचा हिशेब बहुधा इतका कडक नसतो. सात ते चौदा वर्षांच्या मुलात वृषणाच्या वरच्या टोकाशी, एपिडिडिमिसच्या डोक्याशेजारी, पाच मिलिमीटरहून मोठा, आत रंग नसलेला आणि भोवती रंग वाढलेला गोळा दिसला तर तो पिळलेला अपेंडिक्स टेस्टिस, म्हणजे वृषणावरचा छोटा कोंब. कातडीतून दिसणारा निळा ठिपका पुस्तकात ठळक असतो, आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर क्वचितच दिसतो. विश्रांती आणि दुखणं कमी करणारी गोळी, आठवड्याभरात बरं वाटतं. पण कॉर्ड सरळ आहे हे पाहिल्यावरच असं सांगायचं. खरा एपिडिडिमायटिस बहुधा शेपटाकडून सुरू होऊन डोक्याकडे चढतो. वृषणात प्रवाह फार वाढून पुन्हा कमी होताना दिसला तर सूज शिरा दाबते आहे, ही धोक्याची खूण, सर्जनला कळवा. गालगुंडानंतर साधारण चार ते आठ दिवसांनी मुख्यतः वृषणच सुजतं. एपिडिडिमिस मोठा, ओबडधोबड, दुखणं मंद आणि आठवडे चाललेलं असेल तर क्षय मनात आणा. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या रुग्णांत कॉर्डभोवतीच्या फुगलेल्या नळ्यांत वळवळणारे जिवंत फायलेरियाचे जंत दिसू शकतात. ती हालचाल नाडीच्या ठोक्याशी जुळत नाही, त्यावरून ओळखावी.

मार लागलेल्यांबाबत मात्र सैल राहू नका. सीझन बॉल लागून किंवा मोटारसायकलच्या टाकीवर आदळून आलेल्यांत वृषणाभोवतीची पांढरी रेघ, ट्युनिका, चहूबाजूंनी अखंड आहे का ते शोधा. ती तुटलेली दिसली, किंवा वृषणाची कड वेडीवाकडी होऊन आतला पोत विस्कटलेला दिसला, तर ते फुटलं असं धरून त्याच दिवशी ऑपरेशन. नुसतं रक्त साचलंय असं वाटलं तरी काही आठवड्यांनी पुन्हा बोलवा, कारण मारानंतर तपासलेल्या वृषणात कधी कधी आधीपासूनची गाठ सापडते. मधुमेही रुग्णात कातडीच्या थरात हवेचे चमकणारे ठिपके आणि त्याखाली मळकट सावली दिसली तर प्रोब बाजूला ठेवा आणि सर्जनला हाक मारा, पुढचं मोजमाप नको.

दुखणं थांबल्यावर आलेला मुलगा फसवा असतो. प्रवाह छान, चेहरा हसरा. त्याला विचारा, असं आधी झालं होतं का, झोपेतून उठवणारं, आपोआप थांबणारं? उत्तर होय असेल आणि वृषण आडवं असेल, तर 'नॉर्मल' लिहून घरी पाठवू नका. पीळ येऊन गेल्याची शक्यता लिहा आणि दोन्ही बाजू टाके घालून स्थिर करण्यासाठी सर्जनकडे पाठवा.

जवळ सर्जन नसेल तेव्हा १०८ बोलवा, आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात आधी फोन करा म्हणजे ओटी तयार राहील. वाटेवर तासापेक्षा जास्त लागणार असेल तर हाताने पीळ सोडवायचा प्रयत्न, हे जमणाऱ्या डॉक्टरने, करून पाहावा. पायाकडे उभं राहून पुस्तक उघडावं तसं, दुखरं वृषण मध्यापासून बाहेरच्या बाजूला फिरवायचं असतं. एका वेढ्याने बहुधा भागत नाही. साधारण तिघांत एकाचा पीळ उलट्या दिशेचा असतो, म्हणून दुखणं वाढलं तर लगेच दिशा बदलायची. तुम्ही प्रोब धरून बसा : वेटोळं उकललं का, रंग परतला का, डायस्टोल परत आला का, हे त्याच वेळी कळतं. दुखणं थांबलं तरी थोडा पीळ शिल्लक राहिलेला असू शकतो, म्हणून ऑपरेशन टळत नाही, फक्त वेळ मिळतो.

रिपोर्टची भाषा बदला. 'क्लिनिकली कोरिलेट करा' या ओळीने रात्री साडेआठला कोणाचाच निर्णय होत नाही. असं लिहा : 'दुखणं सुरू दु. ३.३०, तपासणी रा. ८.४०. डाव्या वृषणात प्रवाह आहे, डायस्टोल उजव्यापेक्षा कमी. एपिडिडिमिसमध्ये प्रवाह नाही. कॉर्ड रिंगपासून वृषणापर्यंत पाहिली, वृषणाच्या वर वेटोळं आहे. अर्धवट पीळ. सर्जनशी रा. ८.४५ ला फोनवर बोलणं झालं.' कॉर्ड नीट दिसली नसेल तर तेही स्पष्ट लिहा : 'कॉर्ड पूर्ण पाहता आली नाही, पीळ नाकारता येत नाही.' हे एक वाक्य त्या रात्री लिहिलं गेलं असतं, तर अँटिबायोटिकच्या आधी सर्जनला फोन गेला असता.

सरावासाठी आणीबाणीची वाट पाहू नका. हायड्रोसील, व्हेरिकोसील, वंध्यत्व अशा कारणांनी तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पुरुषाची कॉर्ड दोन्ही बाजूंनी वरपासून खालपर्यंत पाहा, दोन मिनिटं जास्त लागतील. वीस-तीस सरळ कॉर्ड हाताखालून गेल्या की वाकडी आपोआप खटकते.

आणि त्या मुलाबद्दल. त्याच्या सर्जनना आजच फोन करा आणि उजवी बाजू टाके घालून स्थिर केली का ते विचारा. केली नसेल तर ते लवकरात लवकर व्हायला हवं, त्याच्याकडे आता तेवढं एकच वृषण आहे. एक निरोगी वृषण संप्रेरकांना आणि पुढे मूल होण्याला बहुतेकांत पुरतं, हे त्याच्या आईवडिलांना आणि त्यालाही कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. खेळताना गार्ड घालायचा, आणि त्या बाजूला कधीही दुखलं तर रात्र असो की परीक्षा, तासाभरात दवाखाना गाठायचा. तो वाढून पूर्ण झाला की हवं असल्यास कृत्रिम वृषण बसवता येतं. हे सगळं सांगायला तुम्ही स्वतः गेलात तर उत्तम.